साथीला वहिनी

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी बेसमेंटमधले चहाचे कप वर आणायचे होते. आदल्या दिवशी बँडची शेवटची तालीम झाली होती आणि ज्याने जिथे चहा प्यायला, तिथेच कप सोडला होता. एक अँप्लिफायरवर, एक कीबोर्डच्या स्टँडखाली, एक खिडकीच्या कट्ट्यावर. एकात बिस्किटाचा लगदा. कप गोळा केले, गालिच्यावरून व्हॅक्यूम फिरवला आणि ट्रे घेऊन जिना चढत होते, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचं निवेदन ग्रुपवर आलं होतं.

ट्रे ओट्यावर ठेवून वाचायला घेतलं. आमच्या गाण्यावर एक आख्खा परिच्छेद होता. पन्नासेक वर्षांपूर्वी हे गाणं करणाऱ्या चारही इंग्रजांची नावं, आडनावांसकट. शब्द कुणी लिहिले, चाल कुणी बांधली, ऑर्गन कोणत्या बनावटीचा होता, तेही. मग 'सादर करत आहेत' म्हणून आमच्या तिन्ही पुरुषांची नावं. गिटार आणि गायन, ड्रम्स, कीबोर्ड. आणि अगदी शेवटी : 'तबल्याच्या साथीला, आपल्या सर्वांच्या लाडक्या वहिनी.'

मी दुसऱ्यांदा वाचलं. तेच होतं.

हे लिहिताना मीही कुणाचं नाव लिहिणार नाही. पण मी सगळ्यांचीच सारखी गाळते आहे. एकाचं गाळून बाकीच्यांची ऑर्गनच्या बनावटीसकट छापणं ही वेगळी गोष्ट आहे.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. बँड तीन जणांचा. गिटारवाला पुण्याचा, नवऱ्याचा पूर्वीच्या कंपनीतला मित्र. ड्रमवाला नागपूरचा, इथल्याच एका बँकेत डेटाबेस सांभाळतो. कीबोर्डवर माझा नवरा. तिघं पन्नाशीला आले आणि अकरावी-बारावीत ऐकलेलं गाणं एकदा तरी स्टेजवर वाजवायचं, असं त्यांनी ठरवलं. गाणं प्रोग्रेसिव्ह रॉकमधलं. हा प्रकार माहीत नसलेल्यांसाठी सांगते. साध्या चार मात्रांच्या गाण्यांना कंटाळलेल्या, शिकल्यासवरल्या मुलांचं हे रॉक. गाणं संपता संपत नाही, मध्येच ताल बदलतो, ऑर्गनवाला चर्चमध्ये बसल्यासारखा वाजवतो आणि शब्दांचा अर्थ विचारायचा नसतो. मला आवडतं. वाजवायला मेहनत लागते, म्हणून आवडतं.

गिटारवाल्याला या गाण्याचं सगळं पाठ आहे. ते चौघं कुठे भेटले, कुणाचं कुणाशी बिनसलं, कव्हरवरचं चित्र कुणी काढलं. एका तालमीत तर त्याने बराच वेळ त्या इंग्रज ड्रमवाल्यावर झालेल्या अन्यायाबद्दल सांगितलं. गाण्याचा मधला भाग म्हणजे सुरुवातीला नुसते ड्रम्स. लोकांना गाणं त्या भागासाठी लक्षात राहतं. पण रेकॉर्डवर गीत-संगीत म्हणून बाकीच्या दोघांची नावं, आणि याच्या नावापुढे नुसतं 'ड्रम्स'. "विचार करा वहिनी, हा माणूस नसता तर गाणंच नसतं," तो तळमळीने म्हणाला. मी तळून आणलेली भजी तेव्हा त्याच्या हातात होती.

आता माझं सांगते. मी सांगलीत तबला शिकले, चांगली दहा वर्षं. क्लासात मी एकटीच मुलगी होते. नातेवाईक म्हणायचे, पेटी तरी शिकवा हिला. लग्नानंतर इथे आले, नोकरी सुरू झाली, तबला कपाटात गेला. ही काही रडकथा नाही. तबला कपाटात चांगला राहतो, फक्त हवेतला कोरडेपणा सांभाळावा लागतो.

उन्हाळ्यात यांच्या तालमी आमच्या बेसमेंटमध्ये सुरू झाल्या. तिथेच वॉशर-ड्रायरही आहेत, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. सुरुवात बरी व्हायची आणि मधला भाग आला की गाडी रुळावरून उतरायची. दर आठवड्याला त्याच जागी. एका शनिवारी मी ड्रायरमधून कपडे काढता काढता म्हणाले, "सात मात्रा आहेत. तुम्ही आठ करताय."

"नाही हो वहिनी, मी सातच मोजून राहिलो," ड्रमवाला म्हणाला.

"तोंडाने सात मोजताय. पायाने आठवी घालताय."

त्याने वाजवून पाहिलं. घालत होता. चार-चारची सवय, दुसरं काय. मी टॉवेल खाली ठेवला आणि टाळी देऊन म्हणून दाखवलं : ती ती ना, धी ना, धी ना. रूपक. लहान मुलंही शिकतात. रूपकाची गंमत अशी की त्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, पोकळ असते. बाकी तालांत समेवर डग्गा घुमतो, पाय आपटल्यासारखा. इथे समेवर डग्गा गप्प बसतो आणि घुमारा चौथ्या मात्रेवर येतो. हे तिघं पहिल्या मात्रेवर धूम शोधत होते आणि सापडत नाही म्हणून एक मात्रा पदरची टाकत होते.

दुसऱ्या शनिवारी मी कपाटातून तबला काढून खाली नेला. ड्रायरशेजारी जागा होती, तिथे बसले. पुढच्या चार महिन्यांत मधला भाग मी बसवला. ड्रमवाल्याचे दोन्ही हात सुटे करून शिकवले. नवऱ्याला ऑर्गनचे सूर लिहून दिले, आधी होते त्याच्या निम्मे. गिटारला सांगितलं की तुझा तुकडा या समेवरून उचल. शेवटी तिहाई घातली, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन बरोबर समेवर उतरायचं. तो भाग पहिल्यांदा जमला तेव्हा ड्रमवाला खुर्चीतून उठून ओरडला, "जमलं ना बे!" आणि गिटारवाला म्हणाला, "क्या बात है वहिनी, आता थोडा चहा होऊन जाऊ दे."

चहा झाला.

तर त्या सकाळी मी गिटारवाल्याला फोन लावला.

"निवेदनात 'तबल्याच्या साथीला वहिनी' लिहिलंय."

"हो, मीच सांगितलं. म्हटलं, वहिनींना विसरू नका."

"माझं नाव कुठाय?"

"लिहिलंय की. वहिनी."

"ते नाव नाही, नातं आहे. तेही माझ्या नवऱ्याकडून."

"अहो यार वहिनी, तुम्हाला कोण ओळखत नाही?"

"मग त्या चार इंग्रजांना कोण ओळखत नाही? त्यांची कशाला लिहिली?"

तो हसला. मी त्याच्या वयाची आहे, त्याला नावाने हाक मारते, अरे-तुरे करते. तो मला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणतो, अहो-जाहो करतो आणि त्याला त्यात आदर दिसतो.

"आणि ती साथ नाही," मी म्हणाले. "मधल्या भागाचं संयोजन माझं आहे."

"संयोजन? नाही हो. अरेंजमेंट त्यांचीच. आपण नोट टू नोट ओरिजिनल वाजवतोय. तुम्ही आम्हाला मोजायला शिकवलंत, ते मी स्टेजवरून सांगेन ना. भजीसुद्धा मेन्शन करतो."

नवरा टेबलापाशी टोस्ट खात होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "जाऊ दे ना. त्याला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

त्याने टोस्टला आणखी लोणी लावायला घेतलं.

माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची आहे. कुणी 'अगदी तसंच आहे' म्हणालं की आधी तपासायचं, मग मान डोलवायची, ही पोटापाण्याची सवय. मी ते मूळ गाणं फोनवर लावलं. खरं तर मी ते पूर्ण असं कधी ऐकलंच नव्हतं. सांगलीत माझ्या आतेभावाने हॉस्टेलवरून कॉपी करून आणलेली एक कॅसेट होती, तिच्यावर ऐकलं होतं. गाणं लांब, कॅसेट छोटी. मधल्या भागातले ड्रम्स सुरू होतात न होतात तोच एक बाजू संपायची. उठून कॅसेट उलटी करायची, की दुसऱ्या बाजूला ड्रम्स मध्येच कुठूनतरी चालू. मी जी पहिली मात्रा ऐकली, तिलाच सम धरलं. ती पोकळ होती, पुढे दोन-दोनचे घुमारे होते, म्हणजे हा रूपकच. तबला शिकणाऱ्या मुलीला दुसरं काय वाटणार? इतकी वर्षं माझ्या डोक्यात ते गाणं तसंच होतं.

ओट्याशी उभी राहून मी फोनवर पहिल्यांदा तो सांधा न तुटता ऐकला. सातच मात्रा होत्या. पण सुरुवात घुमाऱ्यावर होती. दोन, दोन आणि मग पोकळ तीन. माझं पहिलं ते त्यांचं शेवटचं. त्यांची गिटार जमिनीवर पाय आपटून निघते. आमची गिटार माझ्या समेवरून, म्हणजे पोकळीतून निघते आणि जमीन नंतर लागते. ड्रम्स तेच, गिटारचा तुकडा तोच, पण दोन्ही वेगळ्या जागी भेटतात, आणि सगळ्या गाण्याची चाल बदलते. पुन्हा ऐकलं. शंका राहिली नाही. चार महिने आम्ही जे वाजवत होतो ते कुठल्याही रेकॉर्डवर नव्हतं. ते सांगलीतल्या कॅसेटच्या उलट्या बाजूवरून निघालेलं होतं आणि माझ्याखेरीज कुणाचं असणं शक्य नव्हतं.

गिटारवाल्याच्या हे कसं लक्षात आलं नाही, असं कुणी विचारेल. तो भाग आला की तो डोळे मिटून मान हलवतो. मोजत नाही.

कार्यक्रम त्याच दिवशी, एका हायस्कूलच्या सभागृहात होता. आम्हाला मागची बँडरूम दिली होती. भिंतीला पितळी वाद्यांच्या पेट्या, मध्ये आमचे तिघे रेशमी कुडत्यांत. मी तबल्याची बॅग खाली ठेवली, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ऐका."

"वहिनी, आता कशाला, तुम्हाला मी सकाळी—"

"ऐक. आणि मोज."

मधला भाग सुरू झाला. ड्रमवाला मांडीवर बोटं आपटायला लागला, थांबला, पुन्हा आपटायला लागला.

"थांब बे," तो म्हणाला. "हे तर आधी दोन-दोन अन् मागून तीन चालू आहे. आपलं तर आधी तीन आहे. असं काहून आहे?"

गिटारवाल्याने फोन मागे नेला, पुन्हा ऐकलं. या खेपेला डोळे उघडे ठेवून. त्याचा चेहरा उतरला.

"शिट यार. म्हणजे चार महिने आपण चुकीचं वाजवतोय?"

"सकाळी नोट टू नोट ओरिजिनल होतं," मी म्हणाले.

"सकाळी मला माहीत नव्हतं ना, वहिनी!"

"आता माहीत झालं. त्यांनी असं वाजवलेलं नाही. मग हे कुणाचं आहे?"

"कुणाचं म्हणजे काय? ही मिस्टेक आहे!"

मी नोकरीत रोज चुका बघते, त्यामुळे चूक म्हणजे काय हे मला समजतं. चूक एकदा होते. कुणी ती ऐकून, पारखून, ठेवायची ठरवून तिच्यावर तिहाई बांधली, ड्रमवाल्याचे हात तिच्याप्रमाणे घडवले, की ती चूक राहत नाही, ते काम होतं. चार महिने तिघांनाही ते सुंदर वाटत होतं. ज्या क्षणी ते माझं आहे असं सिद्ध झालं, त्याच क्षणी ते चुकीचं झालं. अंगात आग पेटणं म्हणजे काय, ते मला त्या बँडरूममध्ये कळलं. मी आवाज चढवला नाही. माझा आवाज चढला की लोक आवाजाबद्दल बोलायला लागतात आणि मुद्दा राहून जातो.

"अजून वेळ आहे," गिटारवाला म्हणाला. "ओरिजिनलसारखं करून टाकू. ऑडियन्समध्ये ऐकलेले लोक असतात. लाज जाईल."

"करा," मी म्हणाले आणि खुर्चीत बसले.

त्यांनी करून पाहिलं. ड्रमवाल्याने मांडीवर धरलं, नवऱ्याने टेबलावर, गिटारवाल्याने तारांवर. एक आवर्तनही धड झालं नाही. पुन्हा केलं, पुन्हा फिसकटलं. ड्रमवाल्याने काड्या टेबलावर ठेवल्या.

"मले नाही जमत. माझे हात वहिनीचंच मोजतात." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, हे बग नाही, फीचर आहे."

"हा विनोद मी ऑफिसात रोज ऐकते. तरी थँक्यू."

गिटारवाला नवऱ्याकडे वळला. "अरे, तू सांग ना वहिनींना. ऐनवेळी हे काय..."

"सांगायचं काही नाही," मीच म्हणाले. "वाजवायचं तर बसवलंय तसंच वाजवायचं. आणि निवेदनात 'मधल्या भागाचं संयोजन' म्हणायचं. नाहीतर तबल्याची बॅग अजून उघडलेली नाही. मी समोर जाऊन बसते. खुर्च्या चांगल्या आहेत."

नवरा घसा साफ करून म्हणाला, "ती बरोबर बोलतेय. माझे सूरसुद्धा तिनेच लिहून दिलेत." हेच सकाळी टोस्ट खाताना म्हणाला असता तर इथपर्यंत यावं लागलं नसतं. पण म्हणाला.

निवेदिकाबाईंना बोलावलं. त्या मंडळाच्या जुन्या सभासद, निवेदन कवितेसारखं लिहितात. त्यांना वाईट वाटलं. "अगं, 'साथीला' आणि 'लाडक्या', त्यात एक लय आहे. संयोजन फारच ऑफिससारखं वाटतं गं."

"चालेल ऑफिससारखं," मी म्हणाले. त्यांनी पेनाने खोडून लिहिलं.

पडदा उघडला. इंग्रजांची नावं झाली, ऑर्गनची बनावट झाली, आमच्या तिघांची नावं झाली. मग बाई प्रेक्षकांकडे हात पसरून म्हणाल्या, "आणि मधल्या भागाचं संयोजन व तबला, आपल्या सर्वांच्या लाडक्या... वहिनी!"

टाळ्या पडल्या. बाईंचा काही दोष नाही. मी एकच शब्द बदलायला सांगितला होता, त्यांनी तेवढाच बदलला. दुसरा, 'वहिनी'च्या जागी माझं नाव, मी गृहीत धरला होता.

तबल्यापुढे खाली वाकवलेला माइक असतो. तो मी वर ओढला आणि माझं नाव सांगितलं. पहिलं आणि आडनाव. पुढे म्हणाले, "संयोजन माझं आहे. या गाण्याचा मधला भाग मूळ गाण्यापेक्षा वेगळा आहे आणि तो मुद्दाम वेगळा आहे." सभागृहात कुणीतरी खुसखुसलं. माइक पुन्हा खाली वाकवला आणि डग्ग्यावर हात ठेवला.

वाजलं चांगलं. आमच्यापैकी कुणी आठवी मात्रा घातली नाही. तिहाई उतरली तेव्हा मागच्या रांगांतून 'वाह' आलं, आणि समोर बसलेल्या इथेच जन्मलेल्या पोरांनी फोन खाली ठेवून माना वर केल्या. एवढं मला पुरे होतं. खरंच पुरे होतं.

पण नंतर जेवणाच्या रांगेत मी पुरी घेत असताना मागे एक अनोळखी काका गिटारवाल्याला म्हणाले, "मूळ गाणं मी खूप ऐकलंय. तो मधला भाग तुम्ही फिरवलात, फार अप्रतिम. कसं सुचलं?"

आणि गिटारवाला म्हणाला, "हो, ते आम्ही जरा वेगळं ट्राय केलं."

सकाळी ते इंग्रजांचं होतं. दुपारी चूक होती. आता 'आम्ही' केलेलं झालं. मी वळून बघितलं. त्याने मला पाहिलं, हातातली ताटली सावरली आणि म्हणाला, "म्हणजे, वहिनींनी पण खूप हेल्प केली."

मी पुरी घेतली आणि पुढे सरकले. काकांना त्यांचा श्रीखंडाचा घास सुखाने घेऊ द्यावा, एवढं भान मला होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी व्हॅन गॅरेजच्या दाराशी लावली. बेसमेंटमधला अँप्लिफायर, केबलींचं खोकं, ड्रम्सखालचा गालिचा, माइकचे स्टँड, सगळं वर काढलं. अँप्लिफायरची एक बाजू नवऱ्याने धरली. कुठे नेतेयस, असं त्याने विचारलं नाही. गिटारवाल्याच्या घरी गेले, बेल वाजवली. तो पायजम्यात, हातात कॉफी घेऊन दाराशी आला.

"हे काय, वहिनी?"

"यापुढे तालमी इथे. मी शनिवारी दुपारी येईन. चहा बिनसाखरेचा घेते. आणि माझं नाव काल सगळ्यांनी ऐकलंय, तूही ऐकलंयस. त्याने हाक मारायची."

सामान त्याच्या गॅरेजमध्ये उतरवलं आणि घरी आले. ड्रायरशेजारचा तबला उचलला आणि बेसमेंटच्या मधोमध मांडला. आता जागा होती.